नऊ किलोंचा ढोल

चित्राली भोईर सलग चार तास ढोल वाजवू शकते, हे चंद्रावरच्या मृगवाडीत कुणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं. मग त्याच चित्रालीला, तोच ढोल कमरेला बांधलेला असताना, अकराव्या मिनिटाला जमिनीवर बसायची पाळी का यावी? दम लागला म्हणावं तर तिला धापसुद्धा लागली नव्हती. शेजारी उभा असलेला ठोके तर खुशीत होता. ठोके म्हणजे वस्तीतल्या माणसांची नाडी मोजून व्यायामाचे गुण देणारा यंत्रमानव. चित्राली गुडघे धरून खाली बसली होती आणि हा पठ्ठ्या जाहीर करत होता, "नाडी एकशे अडतीस. उत्तम. हिरवा दिवा."

"गप रे," चित्राली म्हणाली.

हे सगळं घडलं ते 'पाळण्यात'. पाळणा म्हणजे जत्रेतल्यासारखाच, पण एखाद्या शाळेएवढा मोठा, गरगर फिरणारा गोल कक्ष. तो वेगात फिरला की आतला माणूस कडेच्या भिंतीवर दाबला जातो आणि ती भिंतच त्याची जमीन होते. वेग नेमका ठेवला की पृथ्वीवर वाटतं तेवढंच वजन अंगाला जाणवतं. पृथ्वीवर जाऊ पाहणाऱ्याची परीक्षा इथेच होत असे.

आणि चित्रालीला पृथ्वीवर जायचंच होतं. मृगवाडीच्या ढोलपथकाला त्या वर्षी नाशिकच्या गणपती मिरवणुकीचं बोलावणं आलं होतं. पथकात बत्तीस वादक. एकतीस जण पृथ्वीवर जन्मून कामासाठी चंद्रावर आलेले, त्यांना जायला कुणाची आडकाठी नव्हती. बत्तिसावी चित्राली, वय वर्षं बारा, जन्म चंद्रावरचा. सगळ्यांत चांगला हात तिचा, पण 'चंद्रजन्मी' मुलांना पृथ्वीवर न्यायचं नाही असा वैद्यक मंडळाचा नियम होता. पथकाने फारच गळ घातली म्हणून मंडळाने तिच्यापुरती एक सवलत दिली. ढोल बांधून, तो वाजवत पाळण्यात चाळीस मिनिटं चालून दाखवायचं. संधी दोनदाच मिळणार. दोन्ही वेळा नापास झाली तर अठरा वर्षांची होईपर्यंत विषय बंद.

पहिली संधी अकरा मिनिटांत गेली.

डॉक्टर अनसूया टिपरे यांनी पाळणा थांबवला आणि कागदावर 'अपात्र' असं लिहिलं. त्या हाडांच्या डॉक्टर होत्या. उंच, बारीक आणि बोलायला तुसड्या. "बाळ, चंद्रावरची मुलं नाजूकच असतात," त्या म्हणाल्या. "यात तुझा काही दोष नाही."

'नाजूक' हा शब्द चित्रालीच्या डोक्यात गेला. दोष दिला असता तर तिने एक वेळ ऐकूनही घेतलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती डॉक्टरबाईंच्या दारात उभी राहिली.

"मला कारण हवंय," ती म्हणाली. "मी रोज पाऊण तास पळते. ठोकेकडे माझे गुण सगळ्यात जास्त आहेत. मग मी पडले कशी?"

"मला कामं आहेत."

"मला शाळा आहे. तरी आलेय."

बाईंनी तिला दोन-तीन वेळा घालवून द्यायचा प्रयत्न केला, पण ही हलेना. शेवटी त्यांनी हात टेकले आणि तिला समोर बसवलं.

"ढोल किती किलोंचा?"

"नऊ."

"इथे उचलताना किती वाटतो?"

चित्रालीने मनात भागाकार केला. चंद्राचं ओढणं पृथ्वीच्या साधारण एक षष्ठांश. "दीड किलो असल्यासारखा."

"ढोलाचं वस्तुमान (म्हणजे त्यात माल किती भरलाय ते) दोन्हीकडे तेवढंच. पण वजन म्हणजे खालची जमीन त्या मालाला किती जोराने ओढते ते. तू छत्तीस किलोंची. इथे तुझे पाय तुला सहा किलोंची समजून वागवतात. आजवर त्यांच्यावर कुणी जास्त ओझं टाकलंच नाही. आणि शरीर फार काटकसरी असतं. जे मागाल तेवढंच घडवतं, न मागितलेलं ठेवून घेत नाही. तू रोज पळून काय मागितलंस? दम. तो तुला मिळाला. तुझं हृदय एका ठोक्यात भरपूर रक्त ढकलतं. स्नायूंत केशवाहिन्यांचं (केसांहून बारीक रक्तवाहिन्यांचं) दाट जाळं झालंय. पण ओझं पेलायची ताकद तू कधी मागितलीच नाहीस. मांड्या, पाठ, हाडं, सगळी तशीच राहिली."

"ठोकेने हे कधी सांगितलं नाही."

"ठोके ठोके मोजतो. त्याला हाडं दिसत नाहीत."

चित्राली उठली. दम मिळाला होता, ताकद मागायची राहिली होती. मग आता ताकदच मागायची. एवढं सरळ तर होतं.

चंद्रावर ताकद कमवायची म्हणजे वजनं उचलून भागत नाही, कारण वजनंही हलकीच होऊन बसतात. त्यासाठी व्यायामशाळेत ताणपट्टे होते. जाड रबरी पट्टे, एक टोक जमिनीत पक्कं, दुसरं खांद्यावरच्या दांडीला. दांडी घेऊन बैठकीतून वर उठायला लागलं की पट्टा खाली खेचतो. रबराला आपण चंद्रावर आहोत की पृथ्वीवर, याच्याशी काही देणंघेणं नसतं.

चित्राली हट्टाला पेटली. पळणं बंद केलं आणि रोज ताणपट्टे सुरू केले. सोमवारी बैठका, मंगळवारी बैठका, बुधवारी पुन्हा बैठका. असे दोन महिने. आई म्हणाली, "अगं, जरा दमानं." ती कुठे ऐकतेय. पहिले काही आठवडे ताकद भराभर वाढली, मग वाढायची थांबली, आणि पुढे तर कमी व्हायला लागली. खांदा ठणकायचा. जिने उतरताना मांड्या थरथरायच्या.

सरावासाठी पाळण्यात आठवड्याला पाऊण तास मिळे. एका शनिवारी तिने ढोल बांधला आणि चालायला लागली. या वेळी गुडघे टिकले. पण चौदाव्या मिनिटाला तोंडाला फेस यायची वेळ आली. श्वास पुरेना, ढोल वाजवायचं टिपरू हातातून निसटलं. ठोकेने लाल दिवा लावला. ज्या दमाचा तिला एवढा अभिमान होता, तोच गेला होता.

त्या दिवशी ती रडली. चांगली भोकाड पसरून रडली. मग नाक पुसून पुन्हा डॉक्टरबाईंकडे गेली.

"मागितलं की मिळतं म्हणालात," ती म्हणाली. "मी मागितलं, तर जवळचंही गेलं."

बाईंनी तिचा खांदा दाबून पाहिला. ती कळवळली. "रोज करत होतीस?"

"रोज."

"तिथेच चुकलं. ताकद व्यायाम करताना वाढते असं तुला वाटतं ना? तेव्हा ती वाढत नाही. ओझ्याने स्नायुतंतू (स्नायूंतले बारीक धागे) ताणले जातात, थोडे झिजतात. तू जेवतेस, झोपतेस, तेव्हा शरीर त्यांची डागडुजी करतं आणि आधीपेक्षा जरा जाड करून ठेवतं. हाडांचंही तसंच. भार पडला की अस्थिजनक पेशी (हाड बांधणाऱ्या पेशी) कामाला लागतात, पण त्यांचं काम त्याहून सावकाश, महिनोन् महिने चालतं. स्नायूच्या डागडुजीला साधारण दोन दिवस लागतात. तू गवंडी आत काम करत असतानाच रोज भिंत हलवत होतीस."

"आणि दम?"

"तो तू मागायचा थांबलीस, म्हणून शरीराने आवरून ठेवला. काटकसरी आहे म्हटलं ना."

चित्रालीने बोटांवर आठवड्याचे दिवस मोजले. मग ती म्हणाली, "म्हणजे दोन्ही मागायचं. पण एकाच दिवशी एकाच स्नायूकडून नाही. ज्या दिवशी पायांची डागडुजी चाललीय, त्या दिवशी बैठका नाहीत, हलकं पळायचं. पळण्याने रक्त फिरतं, आणि भिंत काही पडत नाही."

"फार जोरात पळालीस तर तीही हलेल. पण विचार बरोबर आहे." बाई पहिल्यांदाच किंचित हसल्या. "मग आठवडा कसा लावशील?"

तिने तिथेच लिहून काढला. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार ताणपट्ट्यांचे, आणि दर पंधरवड्याला पट्टा थोडा जाड. मंगळवारी लांब पण सावकाश पळायचं, इतकं सावकाश की पळता पळता गप्पा मारता याव्यात. गुरुवारी थोडंच, पण मधूनमधून जीव तोडून. शनिवारी पाळण्यात ढोल, म्हणजे दोन्हींची एकत्र उजळणी. रविवारी काहीही नाही.

"रविवारी काहीही नाही हे जमेल तुला?" बाईंनी विचारलं. "तुझ्यासारख्यांना तेच सगळ्यात अवघड जातं."

ते खरंच अवघड गेलं, पण कारण वेगळंच होतं. ठोकेच्या हिशेबात व्यायाम म्हणजे वाढलेली नाडी. रविवारी चित्रालीला शून्य, आणि ताणपट्ट्यांच्या दिवशीही जेमतेम पाच गुण. दर सोमवारी भोजनगृहाच्या भिंतीवर त्याची 'आळशांची यादी' झळकायची, आणि आता तिच्यात पहिलं नाव असायचं चित्राली भोईर. लोक येता-जाता कोपरखळ्या मारायचे. पथकातला एक काका म्हणाला, "काय गं, हवा गेली वाटतं?"

"ती यादी चुकीचं मोजते," चित्राली म्हणाली आणि ताटातली दुसरी भाकरी कुस्करायला लागली.

कुणी हसो, कुणी चिडवो, तिने आठवडा मोडला नाही. असे सात महिने गेले. शनिवारच्या पाळण्यात अठरा मिनिटं झाली, मग चोवीस, मग एकतीस. मधे एकदा सर्दीने चार मिनिटं मागेही गेली. पट्टे मात्र जाड होत राहिले.

दुसऱ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी डॉक्टरबाईंनी तिला आपणहून बोलावलं. "बारा वर्षांपूर्वी मी एका चंद्रजन्मी मुलाला खाली पाठवलं होतं," त्या म्हणाल्या. "तोही खूप पळायचा. नाडी बघून मी सही केली. तिसऱ्या दिवशी पायरी उतरताना त्याचं खुब्याचं हाड मोडलं. हा नियम मी लिहिलाय, चित्राली. उगाच नाही लिहिला."

चित्राली म्हणाली, "त्याला कुणी ताकद मागायला शिकवलं नव्हतं. तुम्ही आम्हाला शिकवायचं सोडून दारच बंद केलंत."



परीक्षेच्या दिवशी सगळं पथक काचेपलीकडे जमलं होतं. पाळणा फिरायला लागला. अंग जड झालं, ढोलाचा पट्टा कमरेत रुतला. चित्रालीने टिपरू उचललं. अकरावं मिनिट आलं आणि गेलं. चौदावंही गेलं. तिसाव्या मिनिटाला पाठ बोलायला लागली, पण पाठीत आता ऐकून घ्यायची ताकद होती. छाती धपापत होती आणि प्रत्येक श्वास पुरत होता. चाळिसावं मिनिट संपलं तेव्हा ठोकेने हिरवा दिवा लावला. डॉक्टरबाईंनी स्वतःच्या हाताने 'अपात्र' खोडलं. "थांब आता," त्या ध्वनिक्षेपकावर म्हणाल्या. "झालीस तू पास."

चित्राली थांबली नाही.

"चित्राली, पुरे."

"मी पास झाले," ती ठोक्यांच्या मधे मधे म्हणाली. "पण नियम तसाच आहे. वस्तीत आणखी नऊ चंद्रजन्मी मुलं आहेत. त्यांच्यासाठीही खोडा."

"तो माझ्या एकटीच्या हातात नाही. मंडळावरच्या आम्हा तिघांची संमती लागते."

"मग बोलवा त्यांना. मी वाजवतेय तोवर."

काचेपलीकडे कुणी कुणाकडे बघेना. डॉक्टरबाईंनी मंडळाच्या उरलेल्या दोघांना फोन लावला आणि पाळण्यातला आवाज बाहेर ऐकवणाऱ्या ध्वनिवर्धकासमोर तो धरला. पलीकडून एकाने विचारलं, "हे किती वेळ चालणार?"

"मला वाटतं, तुम्ही हो म्हणेपर्यंत," बाई म्हणाल्या. "आणि माझं आत्ताच हो आहे."

बावन्नाव्या मिनिटाला दुसरा सदस्य हो म्हणाला. सत्तावन्नाव्याला तिसरा. नवा नियम डॉक्टरबाईंनी तिथेच वाचून दाखवला. जन्म कुठलाही असो, ज्याची ताकद आणि दम दोन्ही परीक्षेत उतरतील तो खाली जाईल, आणि दोन्हींची तयारी करून घेणं ही वैद्यक मंडळाची जबाबदारी राहील.

मग चित्राली थांबली. तिने पट्टा सोडला, ढोल खाली ठेवला, आणि ती मटकन बसली. पाळणा अजून फिरतच होता. बाई पाळण्याच्या मधल्या आसातलं दार उघडून शिडीने खाली उतरल्या आणि तिच्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी हात पुढे केला नाही.

"नाशिकच्या रस्त्यांना चढ आहेत," त्या म्हणाल्या. "आणि तिथे पाळणा थांबवायला कुणी नसेल."

"माहीत आहे," चित्राली म्हणाली. "पुढच्या शनिवारपासून चढाचा सराव लावा. आणि त्या नऊ जणांनाही बोलवा."

तिने जमिनीवर दोन्ही हात टेकले, दात आवळले आणि पृथ्वीच्या पूर्ण वजनानिशी एकटी उठून उभी राहिली.