शिट्टी वाजवा, पण नेऊ नका

जायचंय ना तुम्हाला? जा की. मी कुठे अडवतोय? टॉर्च घेतलाय, डब्याला झाडाच्या रंगाची पट्टी गुंडाळलीय, सगळं झक्क आहे. फक्त डबा जिथे लपवणार ती जागा कोणाची, हे कोणाला विचारलंत का, एवढंच सांगा. नाही ना? मग बसा थोडा वेळ. ही गोष्ट ऐका आणि मग खुशाल जा.

माझ्या घड्याळाच्या दुकानाला लागून चष्म्याचं दुकान आहे ना, त्या चष्मेवाल्या बाईंची ही गोष्ट. मध्ये एकच पातळ भिंत, त्यामुळे त्यांची काच घासल्याचा आवाज मला येतो आणि माझी शिंक त्यांना जाते. बाई मुलखाच्या हट्टी. गिऱ्हाईक म्हणालं, काच जरा वाकडी बसलीय, तर म्हणणार, "काच सरळ आहे, तुमचे कान वरखाली आहेत." वर कान मोजून दाखवणार. पण धाकट्या भावापुढे एकदम लोण्याचा गोळा. त्यानं काही मागावं आणि ताईनं नाही म्हणावं, असं कधी झालं नाही.

हा भाऊ शाळेत खेळाचा शिक्षक. त्याला तुमचाच नाद होता. कुठेतरी डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश नेटवर टाकायचे, आणि कुठल्या कुठल्या लोकांनी मोबाइलमधला बाण बघत तो हुडकत यायचं. सापडला की आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि डबा होता तसा परत ठेवून द्यायचा. मी एकदा विचारलं, बक्षीस काय? म्हणाला, "काका, सापडणं हेच." मी म्हटलं, चांगलंय, चष्मेवालीच्या भावाला शोधायचंच वेड लागायचं.

पण त्याचे नियम कडक होते बरं का. जागा ज्याची, त्याला विचारल्याशिवाय डबा ठेवायचा नाही. डब्यात खायचं काही ठेवायचं नाही, मुंग्या आणि उंदीर लागतात. भोकात आधी उजेड, मग काठी, मग हात. आतली वस्तू आवडली तर घ्या, पण तिच्याच तोलामोलाची दुसरी ठेवा. आणि कोणी बघत असताना डबा परत ठेवायचा नाही. दुसरा कोणी ठेवत असला तर आपण पाठ करून उभं राहायचं, त्याला त्याचा वेळ द्यायचा. ही त्यांच्यातली रीत. ती मोडणाऱ्याला तो फाडून खायचा.

त्याचा स्वतःचा पहिला डबा जुन्या रस्त्यावर होता, ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यात. नवा रस्ता झाल्यापासून तिकडे चिटपाखरू फिरकत नाही. पूर्वीच्या टोलनाक्याची केबिन तेवढी उभी आहे, काचा फुटलेली. तिच्यासमोरच मोरी. कठड्यातला एक दगड सुटा, त्याच्यामागे पोकळी, पोकळीत डबा. जगाला परवानगीचे धडे देणाऱ्या या गड्यानं इथे मात्र कोणाला विचारलं नव्हतं. "बंद पडलेला रस्ता कोणाचा असतो, ताई? विचारू कोणाला?" असं म्हणायचा.

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी तो तिथे गेला आणि गळ्यातली शिट्टी काढून त्या डब्यात ठेवून आला. पितळेची जुनी शिट्टी. आतला बुचाचा दाणा झिजून, तुकडे होऊन केव्हाच गळून गेला होता. त्यामुळे ती फुर्रर्र वाजायची नाही, नुसता सपाट, भुंडा सूर निघायचा. शाळेतली पोरं म्हणायची, सरांच्या शिट्टीला सर्दी झालीय. झाकणाला आतून त्यानं चिठ्ठी चिकटवली होती, 'शिट्टी वाजवा, पण नेऊ नका.' बरा झालो की मीच परत आणीन, असं ताईला सांगितलं होतं. तो काही बरा झाला नाही. ताईनं त्यानंतर दोन वर्षं तो डबा उघडला नाही. तिथे आहे, एवढं तिला पुरत होतं.

गेल्या वर्षीचा नोव्हेंबर. दुसरा बुधवार. संध्याकाळी खोदकामाच्या मशीनचा ड्रायव्हर चष्मा न्यायला आला.

"आजच द्या बाई," तो म्हणाला. "उद्या सकाळी जुन्या नाक्याची मोरी फोडायचीय. दिसलं नाही तर भलतंच फोडीन."

बाईंनी त्याच्या मुकादमाला फोन लावला. एक दिवस थांबा म्हणाल्या. मुकादम हसला. "एका डब्यासाठी मशीन उभं ठेवू? आणि काय हो, डबा ठेवायला परवानगी कोणाची घेतली होती?"

बाईंनी फोन ठेवला. पुढचं मी भिंतीपलीकडून ऐकलं. काच खाली आपटली.

दुकान बंद करून त्या स्कूटरची किल्ली घेऊन निघाल्या. मी म्हटलं, पहाटे जा, उजाडताना. रात्री त्या नाक्यावर कोणी जात नाही.

"का?"

"तिथे रात्रपाळीचा एक नाकेदार होता. शिट्टी फुंकून ट्रक थांबवायचा. एका रात्री एक ट्रक थांबला नाही. सकाळी नाकेदार मोरीखाली मेलेला सापडला. शिट्टी रस्त्यावर, चेपून उघडी पडलेली. आत दाणासुद्धा नव्हता."

"वाईट झालं. मग?"

"मग काय, अजून तो वसुली करतो म्हणतात. रात्रीचं कोणी तिथून गेलं की काहीतरी राहतंच मागे. कोणाची टोपी, कोणाच्या किल्ल्या."

"आणि बदल्यात ठेवतो काय?"

"काही नाही."

"म्हणजे माणूस नियमातला नाही," बाई म्हणाल्या आणि स्कूटरला किक मारली. मी दुकान उघडंच ठेवून बसलो. झोप येणार नव्हतीच.

साडेदहाला त्या पोचल्या. आकाशात चंद्र नव्हता. स्कूटर स्टँडला लावली, टॉर्च पेटवला. मोबाइलवर बाण लावायची गरज नव्हती, जागा पाठ होती, पण भाऊ लावायचा म्हणून त्यांनीही लावला. बाण कठड्याकडे. ठीक. सुटा दगड काढून खाली ठेवला. आधी उजेड. पोकळीत डबा होता, पण खूप आत. इतकी खोल पोकळी त्यांना आठवत नव्हती. मग काठी. काठी डब्याला लागेना. मग हात.

हात खांद्यापर्यंत आत गेला. गाल दगडाला टेकला. बोटं पुढे... अजून पुढे... डबा लागेना. त्या दमून क्षणभर थांबल्या. हात तसाच आत, तळवा उघडा.

आणि डबा सरकत आला. तळव्यात बसला.

आतून कोणीतरी द्यावा तसा.

बाईंनी हात खेचला नाही. ही त्यांची जात. डबा घट्ट धरला, सावकाश बाहेर काढला. वाकून पोकळीत उजेड टाकला. मागे माती होती, भरीव, घट्ट. डबा होता त्याच्यामागे मुंगी शिरेल एवढीसुद्धा फट नव्हती.

कठड्यावर बसून त्यांनी झाकण उघडलं. रंगीत मणी होते, कोणाची कीचेन होती, बुटकी पेन्सिल होती. नावांच्या कागदाचा ओलीनं लगदा झाला होता. झाकणाला चिठ्ठी होती. शिट्टी नव्हती.

तेव्हा बाईंना रडू आलं. भीतीनं नाही, संतापानं. भावाची म्हणून राखायला एकच वस्तू उरली होती, आणि तीच कोणीतरी नेली होती.

मग आवाज आला.

सपाट. भुंडा. सर्दी झालेला.

मोरीच्या खालून.

त्यांनी टॉर्च खाली वळवला. कोरडा ओढा. दगड. पालापाचोळा. कोणी नाही. मांडीवरच्या मोबाइलचा उजेड हलल्यासारखा वाटला, म्हणून त्यांनी तिकडे बघितलं. बाण फिरत होता. आता झाडाखाली, भिंतीजवळ बाण भरकटतो, हे तुम्हाला माहीत आहे, त्यांनाही माहीत होतं. पण भरकटलेला बाण इकडेतिकडे उड्या मारतो. हा सावकाश फिरत होता. त्यांच्या भोवती. कोणीतरी चालावं त्या वेगानं. आधी मोरीखाली... मग डावीकडे... मग पाठीमागे... मग केबिनकडे. तिथे थांबला.

बाईंनी केबिनकडे तोंड केलं. बाणाखालचा अंतराचा आकडा कमी व्हायला लागला. बारा मीटर. नऊ. सात. रस्ता रिकामा होता. पाचोळा मात्र दबत होता.

शिट्टी वाजली. समोर.

तुम्ही काय केलं असतं? पळाला असतात. मीही पळालो असतो. बाई उठून उभ्या राहिल्या. मोबाइल कठड्यावर, डबा छातीशी.

"थांबा तिथेच," त्या म्हणाल्या.

पाचोळा थांबला.

"ही जागा तुमची आहे. माझ्या भावानं तुम्हाला न विचारता इथे डबा ठेवला. परवानगीची चूक आमची. ती मी मान्य करते." त्यांनी टॉर्च झाकणावरच्या चिठ्ठीकडे वळवला. "पण चोरी तुमची. झाकणावर स्पष्ट लिहिलंय, वाजवा, पण नेऊ नका. वाजवलीत ना? झालं. आता द्या."

...

"गेलेला माणूस मी परत मागत नाहीये. एवढी अक्कल मला आहे. शिट्टी मागतेय. ती घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही. सकाळी मशीन आलं तर मशीनसमोर बसेन."

काही नाही. वारासुद्धा नाही. आकडा सात. मग सहा... मग पाच. थंड, ओल्या मातीचा वास.

आणि मग बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कोणी बघत असताना परत ठेवायचं नाही. ही रीत. आपण टॉर्च रोखून उभ्या आहोत, तर कोण कसा ठेवणार?

पण त्यासाठी काय करायला हवं, तेही कळलं.

त्यांनी डबा कठड्यावर ठेवला. उघडा. टॉर्च विझवला. मोबाइल पालथा केला.

आणि पाठ फिरवली.

काळोख. स्वतःचा श्वास. पाचोळा... एक पाऊल. अजून एक. मानेवर गार. अगदी मागे. बाईंनी डोळे मिटले नाहीत, समोरच्या काळोखाकडे टक लावून बघत राहिल्या. पितळ प्लॅस्टिकवर टेकल्याचा बारीकसा आवाज. मग कोणीतरी दम घेतल्यासारखं... लांबलचक. मग झाकणाच्या कड्या.

टक.

टक.

टक.

...

चौथी लागेना. ती कायमच अडायची, अंगठ्यानं दाबून बसवावी लागायची. बाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "जरा जोरात."

टक.

त्या थोडं थांबल्या, त्याला त्याचा वेळ दिला, आणि मग टॉर्च पेटवून वळल्या. डबा बंद. चारही कड्या बसलेल्या. आजूबाजूला कोणी नाही. त्यांनी डबा काखेत मारला, सुटा दगड उचलून होता तसा बसवला. उद्या फुटणार हे माहीत असूनही बसवला, कारण होतं तसं ठेवायचं असतं.

"डबा मी नेते," त्या केबिनकडे बघून म्हणाल्या. "उद्या हे लोक मोरी पाडणार आहेत. त्यांनीही तुम्हाला विचारलेलं नाही. त्यांचं काय करायचं ते तुम्ही बघा."

आणि स्कूटरला किक मारली. मागे वळून बघितलं नाही, आरशात मात्र बघितलं म्हणाल्या. आरशात नुसता रस्ता होता.

साडेअकराला त्या माझ्या दुकानात आल्या. ओठ पांढरे, पण मान ताठ. डबा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "उघडा." मी उघडला. मण्यांवर शिट्टी होती. बाईंनी ती पदरानं पुसली, हातात धरून बराच वेळ बघितली आणि मग ओठांना लावून फुंकली.

फुर्रर्रर्र.

बाईंनी शिट्टी कानाशी हलवली. आत काहीतरी खुळखुळलं.

मी डोळ्याला भिंग लावलं. आत एक दाणा होता. काळा, लाकडाचा, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. त्याच्या एका अंगावर मोठा चरा होता, जड काहीतरी वरून गेल्यासारखा. मी चिमटा घातला, दाणा फटीशी आला, पण बाहेर निघेना. बाईंनी त्यांच्या काचा मोजायच्या यंत्रानं आधी दाणा मोजला, मग शिट्टीची फट मोजली, मग पुन्हा दाणा. दाणा फटीपेक्षा मोठा होता. शिट्टीला उघडून पुन्हा जोडल्याचा सांधा नाही, झाळल्याची खूण नाही. बाहेर निघायची सोय नाही, आणि आत जायची तर नव्हतीच.

घरच्यांनी सांगितलं, ती शिट्टी नदीत टाक. मुकादमानंही सांगितलं, का ते त्यानं सांगितलं नाही, पण मोरीचं काम त्यानं अर्ध्यावर सोडलं होतं. बाई म्हणाल्या, "तोलामोलाची वस्तू आलीय. ती कोणी फेकतं का?"

तेव्हापासून ती त्यांच्या गळ्यात असते. हो, ती शिट्टीच आहे, तुम्हाला वाटलं लॉकेट आहे. उद्या दुकानात गेलात तर मागा, त्या देतील हातात. वाजवा हवी तर. दाणा अजून आत आहे, आणि अजून फटीपेक्षा मोठाच आहे.