चार नंबरचं उत्तर

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे घडलंय. मी तिथेच होतो. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. मंगळवार, सकाळचे दहा. सारावाकमधल्या बिंटुलू बंदरातली लाकूड गिरणी.

आमच्या यंत्राच्या ड्रममध्ये अख्खा ओंडका जातो आणि ढलप्या होऊन बाहेर पडतो. कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून सगळ्यांच्या कानांवर बिनतारी इअरमफ. बाहेरचा गोंगाट बंद, आणि आमचं आपसातलं बोलणं थेट कानात.

यंत्र सुरू करण्याआधी सिया काचेच्या केबिनमधून नंबर पुकारायची. ज्याने त्याने आपण ड्रमबाहेर असलो की "बाहेर" म्हणायचं. ड्रमच्या आत सिग्नल पोचत नसे, म्हणून उत्तर नाही म्हणजे माणूस आत. मगच ती बटण दाबायची.

एक नंबर मुकादम उंचाट. दोन मी. तीन लुंसा. चार जिंबुन, सियाचा धाकटा भाऊ.

त्या मंगळवारच्या काही आठवडे आधी एकदा ढलप्या न्यायला धक्क्याला जहाज लागलं होतं. उंचाट घाईत होता.

"चार?"

उत्तर आलं नाही.

"आहे गं बाहेर तो! मला दिसतोय. दाब लवकर!" उंचाट खेकसला.

तिने दाबलं.

जिंबुन ड्रमच्या आत होता, अडकलेली साल काढत.

चौकशीत उंचाट बेधडक म्हणाला, "पोरानं स्वतः 'बाहेर' म्हटलं. मी या कानांनी ऐकलं."

सिया ओरडून ओरडून नाही म्हणाली. मी आणि लुंसा मान खाली घालून बसलो. नोकरी जायची भीती होती. शेवटी चूक मेलेल्याचीच ठरली.

तिच्या लाँगहाऊसमध्ये, म्हणजे अख्खी वस्ती राहते त्या एकाच लांबलचक घरात, दुखवटा होता. घंटा वाजवायची नाही, मोठ्यानं हसायचं नाही. उंचाटनं तिसऱ्याच दिवशी यंत्र सुरू केलं.

"मेलेल्याला कसला आवाजाचा त्रास, सिया? त्याचे कान मिटले आता," तो हसून म्हणाला.

त्या दिवसापासून नंबर पुकारून झाले की...

कानात कुणीतरी श्वास घ्यायचं.

जिंबुनचे इअरमफ कपाटात कुलपात होते. बॅटरी काढलेली होती.

आणि मग तो मंगळवार. ड्रम अडकला. कामगार कमी होते, म्हणून उंचाट स्वतः आत उतरला. थोड्या वेळाने सियाने नंबर पुकारायला घेतले.

"एक?"

काहीच नाही...

नुसती खरखर...

मग...

"एक बाहेर, ताई. दाब."

तिला ताई म्हणणारा जगात एकच होता.

तिचं बोट बटणावर थांबलं. तिने काचेतून आमच्याकडे बघितलं. आम्हीही ऐकलं होतं. आम्हीही ओळखलं होतं. मी नुसता हात वर केला असता तरी ती थांबली असती.

मी नजर वळवली.

तिने दाबलं.

"उत्तर आलं होतं," सियाने चौकशीत सांगितलं. साहेबांनी आम्हाला विचारलं. आम्ही हो म्हणालो. आवाज कुणाचा, हे कुणी विचारलंच नाही.

उंचाट मेल्याचं मला दुःख नाही, खोटं कशाला बोलू? पण जिंबुनच्या वेळी गप्प बसलेले आम्ही दोघंही होतो.

काल ड्रममधली साल काढून मी बाहेर येत होतो. एक पाय अजून आतच होता.

"दोन?" सियाने पुकारलं.

मी तोंड उघडायच्या आत...

"दोन बाहेर, ताई."

मी वर बघितलं. बटणावर बोट ठेवून सिया माझ्याकडेच बघत होती.