रुमाल टाकलेली जागा

सोलापूरच्या गर्भविज्ञान केंद्रात भिंतभर पडद्यावर हेमांगीचं गर्भाशय निळ्या रंगात उजळलं होतं आणि त्यात पिवळे ठिपके चमकत होते. हेमांगी त्यांच्याकडे रागानं बघत होती. ‘ओजसच्या पाठीवर कधी?’ असं विचारून सासूपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांनी तिला भंडावून सोडलं होतं. तिला स्वतःलाही मुलगी हवी होती, अगदी जीव टाकून हवी होती. तीनदा दिवस राहिले आणि तिन्ही वेळा महिन्याभरात सगळं संपलं.

“या ठाणपेशी,” डॉ. रेणुका बिडवई म्हणाल्या. “मूल जन्मतं, पण त्याच्या काही पेशी आईच्या अंगात वर्षानुवर्षं ठाण मांडून राहतात. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. बहुतेकींच्या अंगात त्या निमूट असतात. तुमच्यातल्या भांडखोर आहेत. पाठचं भावंड आलं की त्याला उठवून लावतात.”

“ओजस घरीही तसाच आहे. माझ्याशेजारी कुणाला बसू देत नाही,” हेमांगी हसत म्हणाली. तिचा नवरा शिरीष हसला नाही.

उपाय सरळ होता. पहिल्या मुलाच्या रक्तावरून ठाणपेशी ओळखायच्या आणि फक्त त्यांनाच मारणारा उतारा बनवायचा. ओजसनं आईस्क्रीमच्या बोलीवर रक्त दिलं. हेमांगीनं तीन वेळा कमरेत सुई टोचून घेतली. दर वेळी ती विव्हळत पडायची आणि शिरीष तिचा हात धरून बसायचा. पिवळे ठिपके मात्र जागचे हलले नाहीत.

म्हणून बिडवईबाईंनी त्यातली एक पेशी काढून तिचा डीएनए थेट वाचला. आज त्यांनी खोलीचं दार आतून लावलं.

“हा रुमाल ओजसचा नाही,” त्या म्हणाल्या. “ही पेशी मुलीची आहे. अर्धी तुमची, अर्धी शिरीषरावांची. नऊ महिने पूर्ण भरलेल्या बाळाची. ओजसची एकही पेशी तुमच्या अंगात नाही.”

“अहो, पण मी बाळंत एकदाच झालेय!”

“हो. एकदाच.”

हेमांगीनं शिरीषकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं, तरी तिनं विचारलं.

“तू शुद्धीवर नव्हतीस,” तो म्हणाला. “ती तासभरच जगली. तुझाही भरवसा नाही म्हणाले. शेजारच्या खोलीत एक बाई बाळ टाकून निघून गेली होती. वाटलं, तू डोळे उघडशील तेव्हा कुशीत कुणीतरी हवं. मग सांगायचं राहूनच गेलं. रक्तगट जुळत होता, म्हणून वाटलं, कुणाला काय कळणार.”

ओजस आपला आहे, याबद्दल तिच्या मनात क्षणभरही शंका आली नाही. तिचं अंग पेटलं ते दुसऱ्याच गोष्टीनं.

“उतारा लागू पडणार नाही, हे तुला पहिल्या सुईपासून ठाऊक होतं. आणि तू माझा हात धरून बसलास?”

बिडवईबाई मध्ये पडून म्हणाल्या, “आता खरी ओळख पटली आहे. या पेशींवरून उतारा केला, तर तो लागू पडेल.”

“तिचं जिवंत असं एवढंच उरलंय ना?”

“हो.”

“आणि उताऱ्यानं सगळ्या मरतील?”

“सगळ्या.”

“करून घेऊ, हेमा,” शिरीष हळूच म्हणाला. “तुला मुलगी हवी होती ना?”

“होतीच की मला मुलगी! तिला तू परस्पर पोचवून आलास. आता मी माझ्या हातानं पुन्हा पोचवू?”

तिनं पर्स उचलली. ओजसची शाळा सुटायची वेळ झाली होती. शिरीष उठायला लागला, तसं तिनं त्याला हातानंच बसवलं.

“मी आणते त्याला,” ती म्हणाली. मग दाराची कडी काढता काढता वळली. “आणि डॉक्टर, उतारा नको. जागा रिकामी नाही.”