अन्वय गायधनीची निरोगी नोंद

शाल्मलीचा पुढचा दात पडला तेव्हा अन्वय गायधनी समोरच पोहे खात बसला होता. सात वर्षांच्या लेकीने दात तळहातावर ठेवून त्याच्यापुढे नाचवला. अन्वयने दाताकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि मग तो हसला.

"बाबा, तू उशिरा हसलास," शाल्मली म्हणाली. त्याची बायको मृण्मयी हिनेही ते टिपलं होतं.

उशीर झाला असेल अर्ध्या सेकंदाचा. पण अर्धा सेकंद हसण्यावारी न्यावा असं ते घर नव्हतं. अन्वय नाशिकच्या बर्फ हॉकी संघाचा उजवा विंगर होता, म्हणजे उजव्या कडेने मुसंडी मारून गोल चढवणारा गडी. द्राक्षांच्या शीतगृहांवर हात बसलेल्या कारागिरांनी राखलेल्या त्या बर्फावर तो बारा मोसम खेळला होता. चेंडूऐवजी तिथे रबरी चकती असते, आणि अर्ध्या सेकंदात ती काठीला हुलकावणी देऊन पार होते. गेले दोन महिने ती पार होतच होती. संघाने त्याला बाकावर बसवलं होतं.

दोन महिन्यांपूर्वी कडेच्या फळीवर त्याचं डोकं आपटलं होतं. पूर्वी अशा दोन-तीन धडकांत खेळाडू कायमचा घरी बसायचा. आता मेळटोपी आली होती. धडकेनंतर तीन दिवस मेंदूतल्या जोडण्या ओल्या मातीसारख्या असतात. टोपी सौम्य विद्युत्स्पंदांनी त्या पुन्हा बसवते, खेळाडूच्या निरोगी नोंदीबरहुकूम, म्हणजे मोसमाआधी धडधाकट असताना घेतलेल्या मेंदूच्या चाचणीप्रमाणे. चौथ्या दिवशी माती सुकते आणि बसलेलं पक्कं होतं. अन्वयच्या बाबतीत यंत्राचा निकाल होता: मेळ शंभर टक्के.

"शंभर टक्के, तर मग चकती का चुकते?" त्या दुपारी मृण्मयीने संघाच्या डॉक्टर सबनीसबाईंना विचारलं. अन्वय शेजारी बसला होता.

"मलाही तेच कोडं पडलंय. टोपीने यांना मोसमाच्या सुरुवातीला होते तसंच्या तसं केलंय. ही बघा सप्टेंबरमधली नोंद."

अन्वयने पडद्यावरची रेघ पाहिली.

"डॉक्टर," तो म्हणाला, "ती चाचणी मी मुद्दाम वाईट दिली होती."

बर्फ हॉकीत हे उघड गुपित होतं. पहिल्याच वर्षी लेहच्या स्तांझिनने, संघातल्या सगळ्यात जुन्या खेळाडूने, त्याला कानमंत्र दिला होता: "भाई, पहली टेस्ट ढीली देना." निरोगी असताना कमी गुण मिळवून ठेवायचे, म्हणजे धडकेनंतरच्या चाचणीत घसरण दिसत नाही आणि पुढचा सामना खेळता येतो. एकदा बाहेर बसलं की जागा दुसऱ्याची. टोपी याच मोसमात आली. ती जुन्या नोंदीवरून मेंदू बसवणार, हे नियमपत्रकात छापलेलं होतं. नियमपत्रक वाचतंय कोण!

"पण चाचणीचं यंत्र थेट मेंदू वाचतं," डॉक्टर म्हणाल्या. "त्याला कसं फसवलंत?"

"मनात एकोणतिसाचा पाढा म्हणत राहायचो. बाकी कशातच लक्ष राहत नाही."

"सबंध चाचणीभर?"

"हो."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शेवटच्या भागात भावना नोंदवायला घरच्यांचे फोटो दाखवतात."

"तेव्हाही पाढा चालू होता."

मृण्मयीने त्याच्याकडे पाहिलं. त्या फोटोंतला पहिला शाल्मलीचा होता आणि दुसरा तिचा. ते तिनेच निवडून दिले होते.

"आधीच्या वर्षांची एखादी खरी नोंद असेल ना?" तिने विचारलं.

"बाराही वर्षं मी हेच केलं," अन्वय म्हणाला.

"सामन्यांचे व्हिडिओ आहेत की ढीगभर!"

"व्हिडिओत पाय दिसतात, मेंदू नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आणि माती सुकलीय, मृण्मयी. आता नोंद सापडली तरी टोपी काही करू शकत नाही. अन्वय, आज एकदा खरी चाचणी द्या. मनापासून. निदान किती गेलंय ते कळेल."

त्याने आयुष्यात पहिल्यांदा प्रामाणिकपणे चाचणी दिली. जीव तोडून दिली, कपाळावर घाम आला. शेवटी पडद्यावर सप्टेंबरच्या रेघेवर आजची रेघ चढली. कुठेही फट राहिली नाही. बारा वर्षं ज्याचं सोंग घेतलं, तोच माणूस आता खुर्चीत बसला होता. त्याची कारकीर्द संपली होती, आणि तिचं त्याला जेवढं वाईट वाटायला हवं होतं तेवढंही वाटत नव्हतं.

ती दोघं बाहेर आली. जिन्याच्या वळणावर मृण्मयीचे पाय थांबले. ती भिंतीला टेकली आणि हमसून हमसून रडू लागली. अन्वय एक पायरी खाली उभा होता. कुणी रडत असलं की जवळ जातात, हे त्याला माहीत होतं. तो पायरी चढून आला आणि त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. हात नेहमीसारखाच उबदार होता.

मृण्मयीने डोळे पुसले आणि त्या हाताकडे पाहिलं.

"खरं सांग अन्वय," ती म्हणाली, "हा हात तू ठेवलास, की ठेवायचा असतो म्हणून ठेवलास?"