रेक्टरबाई आणि जळमटवाला

त्याची चार दिवसांची मेहनत मी दोन तासांत झाडून टाकली... आमची ओळख झाली ती अशी!

मी मुलींच्या निवासी शाळेत रेक्टर. शाळा टेकडीच्या माथ्यावर, आजूबाजूला चिटपाखरू नाही, बस दिवसातून दोनदा. सुट्टी लागली की मुली आपापल्या घरी जातात आणि मी दादाकडे. यंदा मात्र मी बॅग खाली ठेवते न ठेवते तोच वहिनीने तीन स्थळांचे फोटो पुढे केले. त्यातल्या एकाचा फोटो तर त्याच्याच लग्नातला होता.

"पहिलं मोडलंय गं त्याचं," वहिनी म्हणाली, "पण फोटो छान आलाय ना!"

आठवडाभर मी कशीबशी काढली. मग शाळेत तातडीचं काम निघालंय अशी थाप मारून सरळ परतीची बस धरली.

शाळेत आले, मोठ्या निजायच्या खोलीचं दार ढकललं आणि माझे डोळेच पांढरे व्हायची वेळ आली. या पंख्यापासून त्या पंख्यापर्यंत जळमटं! पलंगांवर बोटभर धूळ, भिंतीवर काळीहिरवी बुरशी. आठ दिवस पाठ काय फिरवली, खोलीची ही दशा? ओढणी कमरेला खोचली, लांब दांड्याचा झाडू काढला आणि सुटले.

शेवटचं जाळं खाली येत होतं तेवढ्यात मागे कुणीतरी हुंदका दिल्यासारखा आवाज केला. वळून पाहते तर दारात एक तरुण. कानावर पेन्सिल, हातात चहाचा कप. कप तिरका होऊन चहा चपलांवर सांडत होता आणि त्याचं लक्षच नव्हतं.

"हे... हे कोणी काढलं?"

"मी. आभार मानू नका, माझं कामच आहे ते."

"आभार?" तो मटकन पलंगावर बसला. "अहो, चार दिवस लागले होते मला ती जाळी लावायला!"

मी एकदा झाडूकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "जळमटं कुणी लावतं का?"

"मी लावतो. त्याचाच पगार घेतो."

मग सगळा उलगडा झाला. हेडसरांनी सुट्टीपुरती शाळा एका भुताच्या सिनेमाला दिली होती आणि मला कळवायचं राहून गेलं होतं. हा पठ्ठ्या त्यातला सजावटवाला. नवं जुनं करायचं, स्वच्छ मळकं करायचं हे त्याचं काम. युनिटमधले सगळे त्याला जळमटराव म्हणत. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी याच खोलीत शूटिंग होतं.

"आता?" मी विचारलं.

"आता काय... झाडणारे हात लावायलाही उपयोगी पडतात का, बघू या."

त्याच्याकडे एक छोटं यंत्र होतं. बटण दाबलं की त्यातून चिकट रबराचे केसासारखे धागे उडायचे. तसंच दुसरं त्याने मला दिलं आणि मी मन लावून नीट रांगेत धागे सोडू लागले.

"अहो बाई, सरळ नको! कोळी काय पट्टीने आखतो?"

"आमच्या शाळेतला आखेल. शिस्तीत वाढलाय तो."

तो इतका मोठ्याने हसला की हातातलं यंत्र माझ्याकडे वळलं आणि माझ्या केसांत जाळं बसलं. ते काढायला तो पुढे झाला, मग थबकला... "काढू?"

"मीच काढते," मी म्हटलं खरं. पण उगीचच जरा उशिराने म्हटलं.

"मला सांगा," जाळं सोडवत मी विषय बदलला, "भुतांना वसतिगृहंच बरी सापडतात?"

"अर्धं काम आयतं होतं ना. लांबलचक व्हरांडा, एकसारखे पलंग, आईबाप शंभर कोस दूर. आम्ही फक्त एक दिवा लुकलुकवायचा."

"आणि यातलं भूत कोण?"

तो धाग्यांत फारच गुंतला. "...रेक्टर."

"काय?"

"तुमच्यासारखी नाही हो! म्हातारी आहे. मेल्यावरही रोज येऊन मुली मोजते. आणि एक कमी भरली की..."

"की?"

"माहीत नाही. पुढचं मी वाचलेलंच नाही." मग त्याने आवाज खाली आणला. "कुणाला सांगू नका, पण मला भीती वाटते. हा माझा सातवा भुताचा सिनेमा. एकही पाहिलेला नाही. पहिल्या खेळाला सगळे आत बसतात, मी बाहेर चहा पितो."

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण हसू ओसरलं तसं आत कुठेतरी टोचलं.

"मीही रोज मुली मोजते," मी म्हणाले. "वडील आधीच गेलेले, आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. दादाच तेव्हा शाळकरी, तो मला काय सांभाळणार? अशाच एका शाळेत ठेवलं मला. आमच्या रेक्टरबाई मोजत यायच्या आणि माझ्या पलंगाशी आल्या की मोजणं थांबायचं. मला झोप लागेपर्यंत उशाशी बसायच्या, मग पुढचा आकडा... कुणी कमी पडू नये म्हणून मोजतात हो. घाबरवायला नाही."

त्याने हातातलं यंत्र खाली ठेवलं. मग म्हणाला, "सिनेमात हे लिहायला हवं होतं त्यांनी."

त्या दिवसापासून माझं काहीतरी बिघडलंच. सकाळी वेणी घालताना मी दोनदा आरसा बघू लागले आणि काम नसताना शूटिंगच्या बाजूने फेऱ्या मारू लागले. एका दुपारी तर कमालच झाली. बाहेर टळटळीत ऊन आणि माझ्या ऑफिसच्या खिडकीत मुसळधार पाऊस! खाली तो पाण्याचा पाइप धरून उभा, वर भोकं पाडलेली नळी, तिच्यातून सरी. त्या सरींवर ऊन पडून खिडकीभर लख्ख थेंब उतरत होते. मी काच उघडून हात बाहेर काढला.

"टाकी रिकामी होईल हो!" मी ओरडले.

"थांबवू?"

मी तळहातावर पाऊस झेलत राहिले. तो खालून बघत होता, पार भिजलेला.

"...दोन मिनिटांनी," मी म्हणाले.

पण मुली सोमवारी येणार होत्या. पहिलीतल्या सहा तर नव्याकोऱ्या, आईचा हात पहिल्यांदाच सोडणाऱ्या. मी त्याला बजावलं होतं, "त्यांना इथे एकही डाग दिसता कामा नये. पहिल्याच दिवशी घाबरल्या तर पुढे वर्षभर घाबरतील."

"शब्द देतो," तो म्हणाला होता.

शुक्रवारी शूटिंग संपलं. जाळी निघाली, धूळ निघाली, बुरशी मात्र निघेना! कुणीतरी धुऊन जाणाऱ्या रंगाऐवजी ऑइलपेंट वापरला होता. युनिटच्या गाड्या भरून तयार होत्या, कारण दुसऱ्या दिवसापासून नवा सिनेमा होता आणि त्यात तो पहिल्यांदाच सजावटीचा मुख्य होणार होता.

"तुम्ही जा," मी म्हटलं. "मी बघेन काय ते."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. नव्या सिनेमाच्या साहेबांचा आवाज फोनबाहेर व्हरांडाभर ऐकू आला, "उद्या सकाळी नसलास तर पुन्हा तोंड दाखवू नकोस!"

त्याने फोन शांतपणे खिशात ठेवला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"सावकाश ये म्हणाले," तो म्हणाला आणि पातं घेऊन भिंत खरवडायला बसला.

 मी दुसरं पातं उचललं.

दोन दिवस आम्ही खरवडलं, घासलं, रंगवलं. रविवारी संध्याकाळी शेवटची भिंत फिकट पिवळी होऊन उजळली. त्याच्या नाकावर रंगाचा ठिपका होता. पुसायला मी ओढणीचं टोक उचललं... आणि धीर न होऊन फडकं पुढे केलं. त्यानेही फडकं घेतलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि "भिंत छान वाळेल" असं म्हणाला. दोघेही एक नंबरचे भित्रे!

सकाळी मुलींची बस आली, तीच त्याला घेऊन परत जाणार होती. ट्रंका, रडारड, "बाई, माझा पलंग कुठला?" चाळीस मुलींच्या गराड्यातून मान वर केली तेव्हा बस वळत होती. खिडकीतून तो काहीतरी ओरडला. एक अक्षर ऐकू आलं नाही.

पाच महिने गेले. पत्र नाही, फोन नाही. मीही केला नाही. माझ्यापायी ज्याचं काम गेलं, त्याला कुठल्या तोंडाने विचारायचं?

मग सिनेमा लागला. पालक मुलींना काढून नेतील या धास्तीने हेडसर दोन दिवस जेवले नाहीत. पण भेटीच्या रविवारी पाहावं तर नेहमीच्या दुप्पट गर्दी! सिनेमा पाहून आलेल्या पालकांकडून ऐकून मुलींना तर नुसता चेव चढला होता. "भूत माझ्याच पलंगावर बसलं!" "हट्, माझ्या!" पहिलीतल्या एकीने मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, आमचं भूत परत कधी येणार?"

मी फाटकाशी टेबल टाकून बसले होते. येणाऱ्याने वहीत नाव लिहायचं, कुणाला भेटायचं ते लिहायचं, नातं लिहायचं, मगच आत. मान खाली घालून मी वही पुढे सरकवत होते. एक हात पुढे आला... नखांत निळा रंग. मी मान वर केली.

"बरे आहात?" तोच होता. मांजरपावलांनी रांगेतून आला होता.

"तुमचं काम?" माझ्या तोंडून आधी तेच निघालं.

"ते गेलं. मग हिंडत होतो. गेल्या महिन्यात खालच्या शहरातल्या नाटक कंपनीत लागलो. पक्की नोकरी, बसने दीड तास. म्हटलं, हातात काहीतरी आल्याशिवाय कसं यायचं?"

"बसमधून काय ओरडला होतात?"

"तेच लिहायला आलोय." त्याने पेन घेतलं. कुणाला भेटायचं, या रकान्यात लिहिलं, 'रेक्टरबाईंना.' आणि नात्याच्या रकान्याशी थांबला.

"तो भरल्याशिवाय आत सोडत नाही," मी कडक आवाजात म्हणायला गेले, पण आवाज कापलाच.

"काय लिहू... तुम्ही सांगा."

मागून एक वडील म्हणाले, "अहो, लिहा काहीतरी, रांग खोळंबलीय!"

त्याने हळूच लिहिलं, 'ठरायचंय'.

मी वही माझ्याकडे फिरवली. वरच्या मजल्याच्या खिडक्यांत चाळीस वेण्या लोंबत होत्या. मी त्याच्या हातातलं पेन घेतलं, तो शब्द खोडला आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'ठरलं'.

आणि त्याच्याकडे न बघता... छे, त्याच्याकडेच बघत, मी म्हणाले,

"पुढचे या."