ठकीचा ठसका

यातलं एक अक्षर रचलेलं नाही. तळवड्यात जाऊन मंजुषाला विचारा... सांगेल ती. फक्त तिच्या सासूसमोर विचारू नका.

मार्गशीर्षातला गुरुवार. तळवड्याच्या कारखान्यांना आठवड्याची सुट्टी, सगळीकडे सामसूम.

ठकी म्हणजे मंजुषाच्या घरची कुत्री. सासूबाईंनी, सोजराबाईंनी, लेकीसारखी वाढवलेली. दर खेपेला तिची पिल्लं कंटेनरच्या ट्रकखाली चिरडली जायची आणि ठकी वेड्यासारखी रस्ता हुंगत फिरायची. बघवत नसे. म्हणून मंजुषानं नसबंदी करून आणायचं ठरवलं. दुर्बिणीची. पोटाला बारीकशी छिद्रं, संध्याकाळी घरी.

डॉक्टरांची एकच अट... पोट रिकामं हवं. मंजुषानं घरात दहादा बजावलं.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. मान खाली.

"भूल दिल्यावर उलटी झाली. अन्न छातीत गेलं. काही खाल्लं होतं का हिनं?"

"नाही हो!"

रिकामा पट्टा घेऊन ती घरी आली. सोजराबाईंनी हंबरडा फोडला.

"तू रिक्षा बघाया गेलीस, तवा दहीभात भरवला गं तिला. चांगल्या कामाला निघाली व्हती. उपास माजा हाय, मुक्या जिवाला कशापायी? उपाशी न्हाई गेली माजी बाई... तेवढंच समाधान."

मंजुषाच्या काळजाचं पाणी झालं. डॉक्टर काय म्हणाले, ते तिनं सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला...

पायरीवर कुणीतरी ठसकलं.

घशात घास अडकावा तसं. पुन्हा... पुन्हा.

दार उघडलं. पायरी रिकामी.

मग रोजच. सोजराबाईंनी अन्न टाकलं. पायरीवर बसून त्या हवेतच हात फिरवायच्या, जणू कुणाची पाठ चोळतायत.

एका संध्याकाळी त्यांनी मंजुषाचा हात धरला.

"माज्या दहीभातानं तर न्हाई ना गेली ती? खरं सांग."

ठसका थांबला. कुणीतरी कान देऊन ऐकत असावं तसा.

"नाही हो आई. काळीजच कमजोर होतं तिचं."

म्हातारी ढसाढसा रडली. मग उठून दोन घास जेवली.

तेव्हापासून सोजराबाईंना तो ठसका ऐकू येत नाही. गाढ झोपतात.

मंजुषाला येतो...

आता पायरीवर नाही. घरात. सासूच्या खाटेखाली.

खाली वाकून बघायचा धीर तिला अजून झालेला नाही. आणि म्हातारीला उठवून खरं सांगायचाही.