मापावरची मूठ

"आई, हे काय आहे?" फाडलेल्या पाकिटातून टेबलावर सांडलेल्या बारीक काळ्या-पांढऱ्या काड्यांकडे बोट दाखवत मोहिनीने विचारलं, आणि स्वतःचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला...

"बी हाय झेंडूचं," नातीला भरवता भरवता तिच्या सासूबाई, सुलाबाई, म्हणाल्या.

मोहिनीच्या नवऱ्याने, जयरामने, दिंडोरीकडच्या फूलवाल्या बायकांवर तासाभराचा सिनेमा केला होता. एकाही थिएटरवाल्याने तो घेतला नाही. मग मोहिनीनेच इंदिरानगरच्या दोन खोल्यांत बसून वेबसाइट उभी केली, सिनेमाचे छोटे तुकडे इंटरनेटवर टाकले, अनोळखी माणसांना ईमेल लिहिल्या, आणि मागणी येईल तशी एकेक डीव्हीडी कुरिअरने धाडू लागली. सुवर्णा जेमतेम वर्षाची. कॉम्प्युटरपाशी बसलं तरी आईचा जीव सारा पाळण्यात. अशा वेळी शहरातल्या फुलबाजारात झेंडू विकणाऱ्या सासूबाई गावाहून आपण होऊन राहायला आल्या होत्या. गुडघे धरलेत, बाजार होत नाही, म्हणाल्या. पाकिटं भरायचं कामही त्यांनीच मागून घेतलं होतं.

आणि आज पुण्याच्या यादव नावाच्या गृहस्थांची ईमेल आली होती. सिनेमाबरोबर केरकचरा पाठवता का, हे मी सगळ्यांना सांगणार आहे!

इंटरनेटवर एक वाईट शब्द पसरला की संपलं, एवढंच मोहिनीला दिसत होतं. तयार ठेवलेली बाराही पाकिटं तिने फोडली, सगळं बी केराच्या डब्यात झटकलं, आणि जे बोलू नये ते बोलून गेली. "हा फुलबाजार नाही, आई."

सुलाबाईंनी सुवर्णाचं तोंड पुसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरून ठेवलं, नातीच्या गालावरून हात फिरवला आणि गावाची एसटी धरली. त्यांनी एक शब्द तरी उलट बोलायला हवा होता, असं मोहिनीला पुढे कितीदा वाटलं...

चार महिन्यांनी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, ती लेकीला कडेवर घेऊन फुलबाजारात झेंडू आणायला गेली. सुलाबाईंच्या बसायच्या जागेवर त्यांची जुनी सोबतीण, फूलवाली कलाबाई बसली होती. मोहिनीने सासूबाईंच्या गुडघ्यांचा विषय काढला, तशी ती हसलीच.

"तिचे गुडघे? माझ्याहून टणक हायेत. सून शिकलेली हाय, तिचं काम अडायला नको, असं म्हणून तीस वर्षांची जागा मला देऊन गेली ती. आता माघारी कशी मागंल? आणि बी कुठं घालवलं गं तिनं? सासूच्या हातचं, दरसाली राखलेलं. यंदा वाफा रिकामाच हाय तिचा."

कलाबाईने पाव किलो तोलला आणि वर मूठभर फुलं टाकली. पावच हवा होता, असं मोहिनी पुटपुटली.

"मापावर मूठ टाकल्याबिगर गिऱ्हाईक पाठवायचं नाय. सुलानंच शिकवलंय."

म्हणजे त्या पाकिटांतही... फुलांचा सिनेमा मागवणारा आपल्या दारातून नुसत्या मापावर जाऊ नये, म्हणून त्या माउलीने आपलं शेवटचं बियाणं वाटलं होतं, आणि आपण ते केरात लोटलं!

दिवाळीच्या तोंडावर यादवांचं टपाल आलं. तो 'कचरा' त्यांनी गॅलरीतल्या कुंडीत झटकला होता. पत्नी गेल्यापासून कोरडी पडलेली ती कुंडी आता केशरी फुलांनी भरली होती. सोबत फोटो होता. सगळ्यांना सांगेन म्हटलं होतं, ते सांगितलंय, असं लिहून त्यांनी सिनेमा मागवणाऱ्या चौदा जणांचे पत्ते दिले होते. आणि कागदाच्या पुडीत होतं कुंडीतल्या फुलांचं वाळलेलं बी.

ती पुडी घेऊन मोहिनीने गाव गाठलं. सुलाबाई रिकाम्या वाफ्यातलं गवत उपटत होत्या. आजीला पाहताच सुवर्णाने आईच्या कडेवरून तिच्याकडे झेप घेतली.

"आई, पदर पुढे करा."

सुलाबाईंनी पदरातलं बी चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेलं. "आपलंच हाय..."

"मी चुकले, आई. तुमची जागा गेली, बी गेलं, आणि मी तुम्हालाच..." पुढचे शब्द हुंदक्यात विरले. "घरी चला. तुमच्याशिवाय एकही पाकीट चिकटवणार नाही मी."

"रडू नको, पोरी. लेकरू बघतंय."

मग मातीतच बसून त्यांनी बियांचे दोन सारखे वाटे केले. एक वाफ्यासाठी ठेवला, दुसरा पाकिटांसाठी मोहिनीच्या ओंजळीत ओतला. क्षणभर तिच्याकडे पाहिलं, आणि आपल्या वाट्यातली एक मूठ उचलून त्यावर टाकली.